उलट फिरणारा झोका

आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर धपाटे पडले, हशा झाला आणि कुणीतरी पाळण्याची दोरी ओढली. केतकी मगदूम पाळण्याच्या पायथ्याशी उभी होती. सख्ख्या बहिणीचं, चारुताचं बाळ, त्यामुळं मावशीला अगदी पुढची जागा मिळाली होती. पहिला झोका उजवीकडं गेला, डावीकडं आला. दुसरा झोका मात्र वेगळाच निघाला. उजवीकडं जाता जाता पाळणा कडीतून निसटल्यासारखा सरळ तिच्या अंगावर येत होता.

"धरा! अगं, धरा त्याला!"

ती दोन्ही हात पसरून झेपावली. हातात नुसती हवा आली. पाळणा जागच्या जागी झुलत होता आणि बाळ मूठ चोखत पडलं होतं. केतकी तेवढी घुगऱ्यांच्या पातेल्यावर जाऊन आदळली. हरभरे घरभर झाले.

मग तिच्या मनगटावरचा पट्टा वाजला. त्या आवाजाचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

"उलटलं," चारुताच्या सासूबाई हळूच म्हणाल्या. "दुखणं उलटलं पोरीचं."

बाहेर मांडवात बसलेला केतकीचा नवरा अभिनंदन हातातली पेढ्याची थाळी तशीच टाकून आत धावला.

केतकीला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याला सात वर्षं झाली होती. त्याआधी मिरजेत स्कूटर चालवणारी निम्मी बायकामंडळी तिच्या हाताखाली शिकलेली. मागं बसून, शिकणारीच्या खांद्यावर हात ठेवून, "समोर बघ, चाकाकडं नको," असं खणखणीत ओरडत ती शहरभर फिरायची. मग एका उन्हाळ्यात डाव्या डोळ्यापुढं धुकं आलं. दोन महिन्यांनी ते विरलं, पण पाठोपाठ उजवा पाय जड झाला आणि त्याचा तळवा बधिर झाला. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंवर विजेच्या तारेसारखं वेष्टण असतं. या आजारात शरीराचेच शिपाई शत्रू समजून ते वेष्टण कुरतडतात. तार तुटत नाही, पण उघडी पडते आणि निरोप रेंगाळत जातात. आजवरची औषधं त्या शिपायांना आवरायची. कुरतडलेलं पुन्हा भरून काढणारं औषध मात्र कुणाकडं नव्हतं.

ते २०३८ साली आलं. कंपनीनं त्याला आकड्यांचं लांबलचक नाव दिलं होतं. रुग्ण त्याला नुसतं 'लेप' म्हणत. रोज एक गोळी. मेंदूतल्या झोपलेल्या पेशींना जागं करून ती नवं वेष्टण चढवून घेते, असं उंदरांत दिसलं होतं. देशातल्या नऊ शहरांत माणसांवर चाचणी सुरू झाली आणि त्यात मिरजेचंही एक रुग्णालय होतं. चाचणीतल्या प्रत्येकाला एक पट्टा दिलेला. पहिले तीन महिने गोळी न देता तो पट्टा नुसता शिकत होता: केतकी चालते कशी, हात कसा उचलते, जिना चढताना कुठं अडखळते. 'नेहमीची केतकी' कशी असते हे एकदा त्याला कळलं, की त्यात पडलेला प्रत्येक फरक म्हणजे दुखणं उलटल्याची खूण. लगेच रुग्णालयाला निरोप जायचा, गोळ्यांची डबी आपोआप कुलूपबंद व्हायची आणि त्याच दिवशी स्टेरॉइडची सलाईन लागायची.

गेल्या महिन्याभरात असे पट्टे देशभर वाजत सुटले होते. लेप घेता घेता दुखणं उलटलेल्यांचा आकडा चढत होता. शनिवारी देखरेख समिती बसणार होती, आणि चाचणी बंद पडणार हे सगळे धरूनच चालले होते.

आणि आज गुरुवारी केतकीचा पट्टा वाजला.

*

गाडीत ती डोळे मिटून बसली होती. उघडले की समोरून येणाऱ्या रिक्षा वळसे घेत अंगावर यायच्या.

"मी पहिल्यापासून सांगत होतो," अभिनंदन म्हणाला. "नको ती चाचणी. आहे ते काय वाईट चाललं होतं?"

"काय चांगलं चाललं होतं, ते तरी सांग."

"तू चालत होतीस. दुकानात येऊन बसत होतीस. माझ्या डोळ्यांसमोर होतीस."

त्याचं स्कूटरच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं. सात वर्षं त्यानं तिला रस्ता एकटीनं ओलांडू दिला नव्हता. तिला त्याचा राग यायचा आणि राग आल्याची लाजही वाटायची. पहिल्या आजारपणात घास भरवताना आपल्याला चोरून रडणारा हा माणूस तिनं धुक्यातूनही पाहिला होता.

रुग्णालयात खाट तयार होती. नर्स सुई शोधत होती, तेवढ्यात डॉक्टर कोरे आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलताना हात नाचवणाऱ्या. सात वर्षांपासून केतकी त्यांचीच रुग्ण.

"काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. पट्ट्याचं मी वाचलंय."

"मॅडम, पाळणा गोल फिरला. सरळ झुलत होता सगळ्यांना. मला मात्र गोल."

कोरेबाईंचा हात हवेतच थांबला. "कुठल्या बाजूनं?"

"म्हणजे?"

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, त्याच्या दोरीला धरून केतकीसमोर आडवं झुलवलं. "नीट बघ. उजवीकडं जाताना जवळ येतंय की लांब जातंय?"

"उजवीकडं जाताना... जवळ. डावीकडं येताना मागं सरकतंय."

"नक्की?"

"नक्की. आणि मॅडम, हे मला पहिल्या वर्षीही व्हायचं. दुकानात गिऱ्हाइकांच्या किल्ल्या टांगलेल्या असायच्या, त्या हलल्या की गोल फिरायच्या. पण तेव्हा उलट होतं. उजवीकडं जाताना लांब जायच्या. पुढं सवय झाली, आपोआप सरळ दिसायला लागलं."

कोरेबाई एकदम खाटेच्या कडेवर बसल्या. मग उठल्या. "सुई ठेव खाली," त्या नर्सला म्हणाल्या.

"मॅडम!" अभिनंदन पुढं झाला. "पट्टा वाजून दोन तास झाले. नियमात आहे ना, लगेच द्यायचं म्हणून?"

"आहे. तो नियम लिहिणाऱ्यांत मीही होते. पाच मिनिटं ऐका, मगदूम. तुम्हीही बसा."

त्यांनी दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या डोळ्यांकडं रोखली. "हे दोन बातमीदार. दोघांची बातमी एकाच वेळी पोचली, की मेंदू दोन्ही जुळवून ठरवतो, वस्तू किती लांब आहे. सात वर्षांपूर्वी केतकीच्या डाव्या तारेचं वेष्टण गेलं. डावा बातमीदार उशिरा यायला लागला. झुलणारी वस्तू तोवर पुढं गेलेली. म्हणजे एकाच क्षणी उजवा सांगतोय 'ती इथं', डावा सांगतोय 'ती अजून मागं'. मेंदूनं दोन्ही जुळवलं आणि त्याला वाटलं वस्तू लांब-जवळ होतेय. म्हणून किल्ल्या गोल फिरल्या. हे डोळ्यांच्या डॉक्टरांना शंभर वर्षांपासून ठाऊक आहे."

"मग?" केतकीनं विचारलं.

"मग तुझा मेंदू शहाणा झाला. डावा उशिरा येतो हे कळल्यावर तो उजव्याची बातमीही जराशी थांबवून धरायला लागला. जग पुन्हा सरळ झालं. आता मला सांग, डाव्याचं दुखणं आणखी वाढलं, तर झोका कसा फिरायला हवा?"

"पहिल्यासारखाच."

"आणि तो फिरतोय उलटा!" कोरेबाई जवळजवळ ओरडल्याच. "म्हणजे डावा डोळा लवकर सांगायला लागलाय! मेंदू मात्र जुन्या सवयीनं उजव्याला अजून थांबवून धरतोय. केतकी, हे दुखणं नसेल कदाचित. तार भरून येत असेल!"



"कदाचित," अभिनंदन म्हणाला. "मॅडम, तुम्ही कदाचित म्हणालात."

"म्हणाले. एमआरआय काढला तर सूज दिसेल, पण डागडुजीतही सूज येणारच. दुसरी तपासणी आहे. पडद्यावर बुद्धिबळाचा पट लुकलुकतो, डोक्याच्या मागं तारा लावतात आणि डोळ्याचा निरोप तिथवर पोचायला किती वेळ लागतो ते मोजतात. पट्टा वाजल्यावर ती करायची आम्ही सोडून दिली होती. पट्ट्याचं उत्तर पुरेसं वाटत होतं ना. पाऊण तास लागेल."

"आणि तेवढ्यात हिचा डोळा गेला तर?"

केतकीनं त्याचा हात धरला. "अभि, पाऊण तासानं डोळा जायचा असेल तर पाच मिनिटांनीही जाईल. मला बघायचंय."

"पण मला..." तो म्हणाला. मग त्यानंच तिची चाकाची खुर्ची ढकलत नेली.

पट लुकलुकत राहिला. काळा पांढरा झाला, पांढरा काळा. कोरेबाई यंत्रावरच्या मुलीच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. सात वर्षांत डाव्या डोळ्याची रेघ कधी जागची हलली नव्हती. आज ती उजव्याच्या रेघेकडं सरकलेली होती. बरोबरीला आली नव्हती, पण निम्मं अंतर सहज तोडलं होतं.

"परत घे," त्या मुलीला म्हणाल्या. परत घेतलं. रेघ तिथंच.

कोरेबाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. "बायको बरी होतेय तुमची," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि आम्ही बरं होणाऱ्यांना दुखणेकरी ठरवून त्यांचं औषध बंद करतोय. पट्टा आजारी केतकी शिकलाय हो! त्याला बरी केतकी कुठं ठाऊक आहे?"

*

घरी येताना केतकीला गाणं म्हणावंसं वाटत होतं. रिक्षा अजून अंगावर येत होत्या, येऊ देत. घरात पाऊल टाकताच तिनं नाझनीनला फोन लावला.

नाझनीन बारगीर बँकेत नोकरीला होती, किल्ला भागात राहायची. दोघींची ओळख रुग्णालयातल्या बाकावर झालेली, पण आता त्या सख्ख्या बहिणींसारख्या भांडत. नाझनीनच्या आवाजात आज जीव नव्हता.

"कालपासून मलाही गरगरतंय गं. पट्टा अजून वाजला नाही, कारण मी अंथरुणातून उठलेच नाही. वाजला की गोळ्या बंद. मला नाही बंद करायच्या, केतकी."

"बंद कशाला करतेस! ऐक, काहीतरी दोऱ्याला बांध. काहीही. झुलवून बघ."

पलीकडं खुडबुड झाली. "ओढणीला कुलूप बांधलंय. झुलवते... या अल्लाह, गोल फिरतंय!"

"कुठल्या बाजूनं? उजवीकडं जाताना जवळ येतंय का?"

"हो! उजवीकडं जाताना जवळ. परत येताना लांब."

"माझ्यासारखंच!" केतकी खुर्चीतच उसळली. "अगदी माझ्यासारखंच! नाझनीन, तू बरी होतेयस! पट्टा काढून ठेव तांदळाच्या डब्यात. सकाळी मीच तुला घेऊन जाते मॅडमकडं, म्हणजे मधे कुणी सलाईन टोचायला नको."

नाझनीन हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर केतकीनं स्वयंपाकघरात जाऊन अभिनंदनला सगळं भराभर सांगितलं. तो कणीक मळत होता. ऐकताना हात थांबले.

"तिचा डोळा कुठला?" त्यानं विचारलं.

"कुठला म्हणजे?"

"दुखरा. तुझा डावा. तिचा?"

केतकी आठवू लागली. नाझनीन बाकावर नेहमी केतकीच्या उजवीकडं बसायची, कारण तिला उजवीकडचं नीट दिसत नसे.

"उजवा," ती म्हणाली.

"मग तिचं तुझ्या उलट असायला पाहिजे ना? मला आपलं वाटलं. मॅडम म्हणाल्या ते मी दोनदा मनात घोळवलं. तुझा डावा लवकर सांगतोय म्हणून झोका असा. तिचाही असाच असेल, तर तिचा उजवा..."

"उशिरा सांगतोय." केतकीनं फोन हातात घेतला. "पहिल्यापेक्षाही उशिरा. अभि, तिचं खरंच उलटलंय! आणि मी तिला पट्टा काढायला लावला!"

फोन केला, उचलेना. पुन्हा केला. अभिनंदननं कणकेच्याच हातानं गाडीची किल्ली उचलली.

किल्ला भागातल्या गल्लीत गाडी शिरेना. केतकी उतरली आणि भिंतीला हात लावत चालू लागली. समोरून सायकली तिरक्या तिरक्या येत होत्या. अभिनंदन एक पाऊल मागं होता. त्यानं तिचा हात धरला नाही. दार नाझनीनच्या भावानं उघडलं. ती खाटेवर पडली होती, उशाला मिठाईचा पुडा होता.

"आलीस? अगं, भावाला बर्फी आणायला लावली मी. फोन आत राहिला होता. ये, तोंड गोड कर."

केतकी तिच्याजवळ बसली. आयुष्यात कुठलंच वाक्य बोलायला तिला इतकं जड गेलं नव्हतं. "नाझनीन, मी चुकले. तुझा डोळा उजवा आहे. तुझा झोका माझ्या उलट फिरायला हवा होता. तो माझ्यासारखा फिरतोय. तुला आत्ता दवाखान्यात जायला हवं."

नाझनीननं उचललेला मिठाईचा पुडा परत उशाशी ठेवला. चेहऱ्यावरचं हसू विझायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तू बरी होतेयस आणि मी नाही."

"आज नाही. आज तुला सलाईन हवी. मी तुला खोटी आशा लावली. शिव्या दे हव्या तेवढ्या, पण गाडीत बसून दे."

"देणारच आहे," नाझनीन म्हणाली आणि भावाचा हात धरून उठली. गाडीत तिनं खरंच दिल्या. इतक्या सुरेख दिल्या, की अभिनंदनला हसू आवरेना, आणि मग त्या दोघीही एकमेकींच्या गळ्यात पडून हसत रडल्या.

तपासणीत नाझनीनच्या उजव्या डोळ्याची रेघ आणखी मागं गेलेली निघाली. तिला लगोलग सलाईन लागली.

*

शुक्रवारी सकाळपासून कोरेबाईंच्या खोलीत लग्नघर भरलं होतं. बाकी आठ शहरांचे डॉक्टर पडद्यावर होते आणि प्रत्येकाच्या मागं रुग्णांची गर्दी. दुखणं उलटल्याची नोंद झालेल्या आणि डोळा दुखरा असलेल्या सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. कुणी दोऱ्याला कांदा बांधला होता, कुणी चावी, कुणी मुलाचा बूट. कोरेबाईंनी केतकीला शेजारी बसवून घेतलं होतं. केतकी आता पहिला प्रश्न कधीच विसरत नव्हती.

"आधी डोळा सांगा. डावा की उजवा?"

"डावा!" नागपूरचे एक आजोबा ओरडले.

"उजवीकडं जाताना?"

"जवळ येतोय हो कांदा! नाकावर बसतोय!"

"चला, पटाच्या यंत्रावर बसवा त्यांना!" कोरेबाईंनी सांगितलं.

दुपारपर्यंत चित्र उभं राहिलं. ज्यांचं ज्यांचं दुखणं उलटलं म्हणून औषध थांबवलं होतं, त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचा झोका बरं होण्याच्या दिशेनं फिरत होता, आणि यंत्रही तेच सांगत होतं. उरलेल्यांचं दुखणं खरंच उलटलं होतं. औषध तार भरून काढत होतं, पण शिपाई सगळ्यांचेच आवरत नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि महिनाभर त्या एकाच आकड्यात कोंबल्या गेल्या होत्या.

शनिवारी समितीनं चाचणी बंद केली नाही. पट्टा वाजल्यावर डबीला कुलूप लागायचं थांबलं आणि निरोपही रुग्णानं स्वतः बटण दाबून द्यायचा असं ठरलं. आता आधी तपासणी, मग निर्णय. आणि ज्यांचे शिपाई खवळलेले त्यांना लेपाच्या जोडीला जुनं, शिपाई आवरणारं औषधही सुरू झालं. त्यांत पहिलं नाव नाझनीनचं होतं.

केतकीच्या मेंदूला नवा वेग पचवायला दीड महिना गेला. या काळात तिला उलट्या झाल्या, ती दोनदा जिन्यात पडली आणि बरं होणं हे दुखण्याइतकंच दमवतं, हे तिला कळलं. अभिनंदन दुकान बंद करून रस्त्याच्या पलीकडं उभा राहायचा आणि ती एकटी रस्ता ओलांडायची. त्याच्या मुठी तेवढ्या आवळलेल्या असत.

एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर येताना तिचा पट्टा पुन्हा वाजला.

अभिनंदन चहाचं भांडं तसंच ठेवून आला. "काय होतंय?"

"पाय. उजवा. मुंग्या येताहेत, जळजळतंय." ती भिंतीला टेकून उभी होती. "आणि इथं झोका नाही, अभि. पायाला विचारायचं कसं, कुठल्या बाजूनं म्हणून?"

सात वर्षं त्या तळव्याला काही कळत नव्हतं. एकदा उकळतं पाणी सांडलं होतं, तेही फोड बघून समजलं. आता त्यात आग पेटली होती. आग म्हणजे काय? तार जळतेय की जागी होतेय?

"मॅडमना कळवू," केतकी म्हणाली.

"मी गाडी काढतो."

"थांब. मीच कळवते." तिनं पट्ट्यावरचं बटण दाबलं, निरोप गेल्याचा दिवा लागला आणि ती चप्पल घ्यायला दाराकडं निघाली. दोन पावलं गेली. मग मधेच उभी राहिली, अगदी हलेनाशी झाली.

"केतकी? काय गं? बस खाली."

तिनं डावं पाऊल उचललं. सगळा भार त्या उजव्या तळव्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"अभि," ती म्हणाली, "फरशी गार आहे."

तो तिच्या पायाशी बसला आणि त्यानं आपला पंजा फरशीवर टेकवला.

"आहे की गं," तो म्हणाला. "चांगली गार आहे."

बाहेर नाझनीन रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होती. तिचा आवाज ऐकून केतकी अनवाणीच अंगणात धावली.